आयलेट चिपमध्ये शिरण्याआधीच हरवतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रॅटच्या स्वादुपिंडातून काढलेले आयलेट, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके, तुम्हाला १५० मायक्रॉनच्या खालचे आणि वरचे अशा दोन गटांत वेगळे करायचे आहेत, कारण लहान आणि मोठे आयलेट ग्लुकोजला सारखाच प्रतिसाद देतात का ते बघायचं आहे. सुट्या पेशी वेगळ्या करायला वापरतात तशी सर्पिल नाळीची पीडीएमएसची (पारदर्शक, मऊ सिलिकॉनची) चिप तुम्ही बनवलीत, नाळ ५०० मायक्रॉन रुंद. चिप पंधरा मिनिटांत तुंबते, घातलेले निम्मे आयलेट परत मिळत नाहीत आणि मिळतात ते बाहेर पडायच्या दोन्ही तोंडांतून मिसळलेले. आता वेग वाढवू की नाळीचा आकार बदलू, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्हीही लगेच करू नका. मी हीच चूक केली आहे, म्हणून सांगते. पहिल्या वर्षात मी चिपचं डिझाइन चार वेळा नव्याने काढलं. नाळ रुंद केली, वळणं कमी केली, बाहेर पडायची तोंडं बदलली, तरी गळती तेवढीच. एक दिवस प्रयोग संपल्यावर सिरिंज पंपातून सिरिंज काढली, उजेडात धरली, तर आडव्या सिरिंजच्या तळाला पांढुरक्या ठिपक्यांची एक सरळ रेघ. ते माझे हरवलेले आयलेट. चिपपर्यंत पोचलेच नव्हते. आणि जे पोचले होते ते बहुतेक लहान होते, म्हणजे नमुना सिरिंजमध्येच चाळला गेला होता आणि मी चिपच्या कामगिरीचे आलेख काढत बसले होते.

याचं कारण साध्या हिशेबात दिसतं. सुट्या पेशीचा व्यास १० ते १५ मायक्रॉन असतो, आयलेटचा ५० ते ३५० आणि क्वचित त्याहून जास्त. खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आयलेटची घनता साधारण १.०६ आणि मीडियाची, म्हणजे आयलेट ज्या पोषक द्रवात असतात त्याची, १.००५ (ग्रॅम प्रति मिली) धरली, तर खोलीच्या तापमानाला १५० मायक्रॉनचा आयलेट सेकंदाला सुमारे ०.६ मिमी खाली जातो, ७५ मायक्रॉनचा ०.१५ मिमी आणि ३०० मायक्रॉनचा जवळपास २.४ मिमी. १० मिली सिरिंजचा आतला व्यास साधारण १४ ते १५ मिमी असतो. मिनिटाला अर्धा मिली या वेगाने ती रिकामी व्हायला वीस मिनिटं लागतात, आणि तुमचा १५० मायक्रॉनचा आयलेट पंचवीस सेकंदांत तळाला टेकलेला असतो. ३०० मायक्रॉनचा तर सहा सेकंदांत. पेशींसाठी लिहिलेल्या कृतींमध्ये याचा उल्लेख फारसा नसतो, कारण पेशींना ही घाई नसते. आयलेटच्या बाबतीत खरं तर ‘मायक्रो’ म्हणायला काही उरत नाही, हे मिलिमीटरचं काम आहे आणि त्यात गुरुत्वाकर्षण तुमच्या पंपाच्या तोडीचं असतं.

त्यामुळे पहिली दुरुस्ती चिपच्या बाहेर करायची. सिरिंज उभी करून तोंड खाली केलं की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. मग सगळे आयलेट एकदम तोंडाशी जमतात, गोळा होऊन आत शिरतात आणि पहिल्याच वळणावर एकमेकांना अडवतात. तुमची चिप पंधरा मिनिटांत तुंबते त्यामागे हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मी आता चिपच्या प्रवेशाच्या तोंडावर थेट एक लहान उघडा शंकू बसवते, पिपेटच्या कापलेल्या टोकासारखा. त्यात थोडा मीडिया ठेवते, वरून पन्नास-शंभर आयलेट रुंद तोंडाच्या पिपेटने सोडते, ते आत गेले की पुढचे. पंप आत ढकलायला न लावता बाहेरच्या बाजूने ओढायला लावते. याचा फायदा असा की चिपच्या आधी ना सिरिंज, ना नळी, ना जोड. आयलेट हरवायला जागाच उरत नाही.

ओढण्याचे दोन तोटे आहेत. दोन्ही तोंडांना एकाच पंपावरच्या दोन सारख्या सिरिंज लावाव्या लागतात, नाहीतर प्रवाहाची विभागणी सरकते. दुसरं, पीडीएमएसमधून हवा झिरपते, त्यामुळे आत दाब कमी झाला की बुडबुडे धरतात. मीडिया आधी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढून टाका आणि चिप प्रथम इथेनॉलने भिजवून मग भरपूर बफरने धुवा. पृष्ठभाग नीट ओला झाला की बुडबुड्यांना धरायला कोपरा मिळत नाही.

नळी वापरावीच लागली तर ती वर चढू देऊ नका. १.६ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत मिनिटाला अर्धा मिली सोडला तर सरासरी वेग सेकंदाला ४ मिमी होतो. ३०० मायक्रॉनचा आयलेट २.४ मिमीने खाली पडतोय आणि नळीच्या कडेला प्रवाह सरासरीहून बराच संथ. नळीचा एक झोकदार चढ म्हणजे मोठ्या आयलेटचा सापळा. हे टेबलावर बघून लक्षातच येत नाही, कारण नळी कशी वळली आहे इकडे कोण बघतं!

आता मुळाकडे. वेगळे करायचे कशासाठी, यावर बरंच काही अवलंबून आहे. शरीरात आयलेटमध्ये दाट केशवाहिन्या असतात. बाहेर काढल्यावर तो पुरवठा तुटतो आणि ऑक्सिजन फक्त बाहेरून झिरपून आत पोचतो. पेशी तो वाटेतच वापरतात, म्हणून साधारण १०० ते १५० मायक्रॉन खोलीपलीकडे टंचाई सुरू होते. मोठ्या आयलेटचा गाभा काळवंडतो तो यामुळे. प्रत्यारोपणात लहान आयलेट सरस ठरतात असं मानवी आयलेटवरचं काम २००७ साली ‘डायबेटिस’ या नियतकालिकात आलं होतं, रॅटवर तसे निष्कर्ष त्याच्याही आधीचे आहेत. त्यामुळे ‘मोठे काढून टाका’ हा मोह होतो.

पण आकडा संख्येत मोजायचा की आकारमानात, हे आधी ठरवा. या क्षेत्रात १५० मायक्रॉन व्यासाचा गोल आयलेट एक एकक धरतात, आयईक्यू. समजा तुमच्याकडे शंभर आयलेट आहेत: साठ ७५ मायक्रॉनचे, तीस १५० चे, दहा ३०० चे. व्यास दुप्पट तर आकारमान आठपट. म्हणजे साठ लहानांचे मिळून साडेसात आयईक्यू, मधल्या तिसांचे तीस आणि मोठ्या दहांचे ऐंशी. तुम्ही फक्त दहा आयलेट बाजूला काढलेत, पण ऊतक गेलं दोनतृतीयांशाहून जास्त. प्रत्यारोपण करणाऱ्याला हे परवडत नाही, कॅप्सूलमध्ये भरणाऱ्याला कदाचित परवडेल कारण मोठा आयलेट कॅप्सूलच्या भिंतीतून डोकावतो. तुमच्यासारख्या तुलनेच्या प्रयोगात उत्पन्न दुय्यम, गट शुद्ध असणं महत्त्वाचं. म्हणून तुम्हाला मी १५० वर एकच रेघ मारायला सांगणार नाही. १२५ च्या खालचे एक, २०० च्या वरचे दुसरे, मधले सोडून द्या. रेघेवरचे आयलेट कोणत्याही पद्धतीत दोन्हीकडे जातात, आणि तुमच्या निष्कर्षाला तेच पातळ करतात.

आणि खरं सांगायचं तर, किती आयलेट आहेत? एका रॅटमधून काहीशे मिळत असतील तर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नेत्रिकेतल्या मोजपट्टीवर बघत हाताने वेचणं अजूनही सगळ्यांत शुद्ध पद्धत आहे. कंटाळवाणी आहे, मान दुखते, पण तासा-दोन तासांत होते, आणि वेचताना फाटलेले, काळ्या गाभ्याचे, बाजूला ऍसिनर ऊतक (स्वादुपिंडाचा पाचकरस बनवणारा भाग) चिकटलेले आयलेटही डोळ्यांना दिसतात. चिपला ते दिसत नाहीत. प्राथमिक निकाल हाताने वेचलेल्यांवर मिळवा. त्यात फरक दिसलाच नाही तर चिप कशासाठी?

जाळीच्या गाळण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. मी त्या सुरुवातीला वापरते, ३०० मायक्रॉनची, मोठे गोळे आणि तंतू काढायला. अंतिम विभागणीला नाही. आयलेट मऊ असतो, दाब मिळाला की दबून पलीकडे जातो, आणि लांबट आयलेट टोकावर उभा राहिला तर अरुंद बाजूने सुटतो. जाळीत अडकलेले परत काढायला उलट धुवावं लागतं, त्यात कडेच्या पेशी सुटतात.

हजारो आयलेट असतील, किंवा तेच काम दर आठवड्याला करायचं असेल, तर चिपचा विचार योग्य. मग तत्त्व कोणतं?

सर्पिल नाळ मी सोडून देईन. तिचं काम प्रवाहाच्या जडत्वावर चालतं. वळणावर दुय्यम प्रवाह तयार होतो आणि आकाराप्रमाणे कण वेगवेगळ्या रेषेवर स्थिरावतात. १० आणि २० मायक्रॉनच्या पेशींमध्ये ते सुंदर चालतं. पण तुमच्या मिश्रणात ५० ते ३५० इतका पसारा आहे. मोठा आयलेट ५०० मायक्रॉनच्या नाळीची दोनतृतीयांश रुंदी व्यापतो. त्याला ‘स्थिरावायला’ रेषाच उरत नाही, तो स्वतःच प्रवाह वळवतो, आणि शेजारून दुसरा मोठा आला तर दोघे मिळून नाळ बंद. शिवाय चिप आडवी असल्याने सगळे तळाच्या संथ थरात घरंगळत जातात. तुमचं मिश्रण दोन्ही तोंडांतून सारखं बाहेर पडतंय ते याने. वेग वाढवून ते घरंगळणं थोडं कमी होईल, पण भिंतीजवळचा घासणारा ताण, ज्याला आपण शिअर म्हणतो, तोही वाढेल, आणि त्याची किंमत आयलेटच्या बाहेरच्या थरातल्या पेशी, रॅटमध्ये बहुतेक अल्फा पेशी, मोजतात.

दुसरा पर्याय तिरक्या खांबांच्या रांगांचा, डीएलडी म्हणून ओळखला जाणारा, २००४ साली ‘सायन्स’मध्ये मांडला गेलेला. खांबांची प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून किंचित सरकलेली असते. ठरावीक व्यासापेक्षा लहान कण खांबांमधून नागमोडी जात मूळ दिशेनेच पुढे जातात, मोठे मात्र प्रत्येक खांबावर आपटून तिरक्या रेषेने बाजूला सरकतात. हा सीमेचा व्यास काढायला डेव्हिस यांचं अनुभवसिद्ध सूत्र वापरतात: १.४ गुणिले खांबांमधली फट गुणिले तिरकेपणाचा (रांग किती सरकली भागिले खांब-ते-खांब अंतर) ०.४८ वा घात. सूत्रात आकडे टाकून बघा, त्यातच चिपचं भवितव्य कळतं. १५० ची सीमा हवी आणि तिरकेपणा ०.१ घेतला तर फट येते सुमारे ३२५ मायक्रॉन. म्हणजे ३०० चा आयलेट जेमतेम जाईल आणि ३५० चा अडकेल. तिरकेपणा ०.०५ केला तर फट ४५० होते. मी फट सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दीडपट ठेवते, म्हणून ३०० ची जाळी आधी लावून ४५० ची फट मला चालते.

यात लांबीने भरपाई करावी लागते. खांबही ४५० चे धरले तर एका खांबापासून पुढच्यापर्यंत ०.९ मिमी. ०.०५ तिरकेपणाला वीस रांगांत, म्हणजे १८ मिमी लांबीत, कण फक्त ०.९ मिमी बाजूला जातो. ३ मिमी सरकवायचं तर ६० मिमी लांबी. ७५ मिमीच्या काचपट्टीवर ती बसते, पण मिश्रण एका कडेने बारीक पट्टीत आत सोडावं लागतं आणि उरलेल्या रुंदीतून नुसता मीडिया. खोली निदान ६०० मायक्रॉन हवी. इतका जाड एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचा) साचा करताना थर फुगतो, भेगा पडतात, मी त्यात महिने घालवले. ऍक्रिलिकमध्ये कोरून घेतलेला साचा या मापाला पुरेसा अचूक असतो.

चिप आडवी ठेवू नका, उभी धरा, प्रवाह वरून खाली. गुरुत्वाकर्षण मग प्रवाहाच्या दिशेनेच काम करतं आणि कोणी तळाला बसत नाही. फक्त प्रवाहाचा वेग आयलेटच्या पडण्याच्या वेगाहून बराच जास्त हवा, फटीत सेकंदाला २० मिमीच्या आसपास. ८ मिमी रुंद रांगेत हे मिनिटाला साधारण ३ मिली होतं. या वेगाला खांबांमागे लहान भोवरे सुरू होऊ शकतात आणि सूत्र अगदी संथ प्रवाहासाठीचं आहे, तेव्हा खरी सीमा सूत्रापेक्षा थोडी खाली सरकलेली मिळेल. ती ठरावीक मापाच्या प्लॅस्टिकच्या मण्यांनी मोजूनच घ्यायची.

तिसरा पर्याय, जो मला मनापासून आवडतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी भांडण्याऐवजी त्यालाच कामाला लावणं. ३ मिमी उंचीची, रुंद, आडवी, रिकामी नाळ. मिश्रण वरच्या कडेने पातळ थरात आत, खाली स्वच्छ मीडिया, दोन्ही सेकंदाला ५ मिमीने सरकणारे. ढोबळ हिशेबाने ३०० चा आयलेट ६ मिमीवर तळाला टेकतो, १५० चा २५ मिमीवर, ७५ चा १०० मिमीवर. तळाला किंवा शेवटच्या आडव्या फटीत कुठे विभागायचं ते ठरवलं की झालं. ना खांब, ना तुंबणं, शिअर नगण्य. व्यासाच्या वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने असतो. हेच उंच नळकांड्यात घड्याळ लावूनही करता येतं, फक्त दाट थेंब वरून एकदम सोडू नका. तो सुटे आयलेट म्हणून पडत नाही, ढगासारखा अख्खा कोसळतो.

अडचण एकच, पण मोठी. पडण्याचा वेग आकारासोबत घनतेवरही ठरतो. ऍसिनर ऊतक आयलेटपेक्षा जड असतं, घनतेच्या थरांनी शुद्धीकरण त्यामुळेच शक्य होतं. म्हणून ऍसिनर पेशी चिकटलेला ११० मायक्रॉनचा आयलेट १५० च्या शुद्ध आयलेटसोबत जाऊन बसू शकतो. तुमचं शुद्धीकरण चांगलं असेल तर ही पद्धत घ्या, अर्धवट असेल तर खांबांची. लांबट आयलेट खांबांच्या रांगेत मुख्यतः आपल्या अरुंद मापाने वागतो, तेही लक्षात असू द्या. ‘आकार’ हा शब्द दोन्ही यंत्रांना वेगळा कळतो. आणि मीडियाचं तापमान रोज एकच ठेवा. फ्रिजमधून काढलेला मीडिया घट्ट असतो, त्यात सगळेच सावकाश पडतात.

चिकटण्याबद्दल थोडक्यात. काढणीनंतर मेलेल्या पेशींतून डीएनए बाहेर येतो आणि त्याचे चिकट तंतू आयलेटना माळेसारखे ओवतात. आयलेट रात्रभर संवर्धनात ठेवून, मग डीएनेझ या डीएनए तोडणाऱ्या विकराने धुवून घ्या. या विकराला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे त्याच वेळी ईडीटीए (मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालू नका. तसंही कॅल्शियम काढून घेतलं की पेशींमधले दुवे सैल होतात आणि आयलेट उसवतो. चिप वापरण्याआधी तासभर बीएसए या प्रथिनाच्या द्रावणाने भरून ठेवा. डायथायझोनने (आयलेट लाल करणाऱ्या रंगाने) रंगवलेले आयलेट प्रयोगात घेऊ नका, तो रंग पेशींना मानवत नाही. मोजणीपुरता वेगळा नमुना रंगवा.

तपासणी दोन टप्प्यांत करा. आधी ७५, १५० आणि ३०० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीन मणी. त्यांची घनता १.०५ आहे, म्हणजे आयलेटच्या इतकी जवळ की पडण्याचा सरावही होतो. घातलेले आणि मिळालेले मोजा. मणीच परत मिळत नसतील तर दोष जीवशास्त्राचा नाही. मग आयलेट: आत जाणारे आणि दोन्ही तोंडांतले, प्रत्येकी निदान शंभर, दोन काटकोनातल्या व्यासांसह मोजा आणि हिशेब संख्येत व आयईक्यूमध्ये असा दोन्ही प्रकारे मांडा. दोन्ही गट मिळून आत गेलेल्या बेरजेएवढे आले नाहीत तर राहिलेले कुठे आहेत ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

इन्सुलिनच्या तुलनेत एक नियंत्रण हमखास विसरलं जातं: चिपमधून काढून पुन्हा एकत्र केलेले आयलेट आणि चिपमध्ये न घातलेले आयलेट, शेजारी-शेजारी. त्यात फरक आला तर तुम्ही आकार नाही, चिपचा मार मोजताय. आणि स्राव ‘दर आयलेट’ देऊ नका. आठपट पेशी असलेला आयलेट जास्त इन्सुलिन देणारच. डीएनएच्या प्रमाणात द्या, जोडीला एकूण इन्सुलिन साठा आणि २.८ व १६.७ मिलिमोलर ग्लुकोजमधलं गुणोत्तर. मोठ्या गटाचा स्राव कमी आला तरी त्याचं कारण ‘मोठेपण’ की मेलेला गाभा हे वेगळं करायला त्याच आयलेटचे जिवंत-मृत रंगांचे फोटोही लागतील.

तुम्हाला नैसर्गिक लहान-मोठ्यांची तुलना नको असून फक्त एकसारखे आयलेट हवे असतील, तर वेगळे करण्याचा खटाटोप सोडून आयलेट पेशींमध्ये सुटे करून सूक्ष्म खळग्यांत पुन्हा जमवलेले कृत्रिम आयलेट घ्या. १५० मायक्रॉनच्या एका आयलेटमध्ये साधारण दीड हजार पेशी असतात, तेवढ्या प्रत्येक खळग्यात टाकल्या की आकार तुम्ही ठरवाल तो. तुमच्या प्रश्नावरून तसं वाटलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता जी चिप आहे तीच एकदा शंकू बसवून, ओढण्याच्या पद्धतीने, नुसत्या १५० च्या मण्यांवर चालवून बघा. तरीही तुंबली तर धुऊ नका. तशीच मायक्रोस्कोपखाली ठेवून प्रवेशाचा, पहिल्या वळणाचा आणि दोन्ही तोंडांचा फोटो काढून इथे टाका. गोळा कुठे अडकलाय आणि त्यात मणी आहेत, बुडबुडा आहे की तंतू, त्यावरून पुढचं सांगता येईल.